रोल सांगा, कुत्रा देतो

तुम्ही दोघांनी पाठवलेली यादी मिळाली. सहा जाती, प्रत्येकीपुढे वजन, केस किती गळतात, किती भुंकतो, आणि शेवटी दहापैकी गुण. यादी नीटनेटकी आहे. ही सवय कुठून आली ते मला ठाऊक आहे. खाली विचारलंय, "आजी, फ्लॅटमध्ये ठेवायला यातला कोणता?" उत्तर लिहायला बसून तीन दिवस झाले, अजून जमलेलं नाही. छोटा कुत्रा म्हटलं की मला एक गृहस्थ आठवतात, आणि त्यांच्याबद्दल माझं एकही मत आजवर पक्कं झालेलं नाही. ते फार शहाणे होते की अगदीच वेडे? तुमचे आजोबा म्हणायचे, "दोन्ही." पण 'दोन्ही' असा कप्पा माझ्या लायब्ररीत नव्हता.

त्यांचं नाव लिहीत नाही. कॉलनीत त्यांना सगळे सप्लायर म्हणायचे. ऐंशीनंतर चार-पाच वर्षांनी आम्ही गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या बाजूच्या नव्या कॉलनीत राहायला गेलो. निम्म्या खोल्या अजून रिकाम्या होत्या. मागच्या बाजूला एका फिल्म स्टुडिओची लांबच लांब भिंत, आणि भिंतीला टेकून एक पत्र्याची शेड. तिथे हे राहायचे. सिनेमाला जनावरं पुरवणं हा त्यांचा धंदा. कबुतरं होती, एक बकरी होती, पण मुख्य माल म्हणजे छोटे कुत्रे. हिरोइनच्या मांडीवर बसणारे, श्रीमंत मावशीच्या काखेतले, व्हिलनच्या सोफ्याखालून डोकावणारे.

मूळचे ते सावंतवाडीकडचे. वडील गिरणीत होते आणि त्यांनी यांनाही गिरणीत चिकटवलं होतं. ती नोकरी त्यांनी सोडली. कारण विचारलं तर म्हणायचे, साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत नव्हतं. हे कारण खरं होतं की समोरच्याला गप्प करायला तयार ठेवलेलं होतं, कोण जाणे.

त्यांच्या कुत्र्यांना नावं नव्हती. प्रत्येक पिक्चरमध्ये कुत्र्याचं नाव बदलतं, एका नावाची सवय लागली की दुसऱ्या पिक्चरमध्ये तो ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते चुटकी वाजवायचे आणि हवा तोच कुत्रा उठून यायचा. सगळ्यांना चुटकी एकच. मी जवळ उभी राहून लक्ष देऊन ऐकलं आहे, मला काही फरक कळला नाही. कुत्र्यांशी ते हिंदीत बोलायचे, कारण डायरेक्टर हिंदीत बोलतात. माणसांशी मुंबईच्या मराठीत, आणि राग आला किंवा कुणाचा लळा लागला की मालवणीत. त्यामुळे ते मालवणीत शिरले की आता रागावलेत की खूष आहेत, हे समोरच्याने ओळखायचं.

एखादा कुत्रा कुणाकडे चाचणीला दिला की चाचणी संपेपर्यंत ते शर्ट बदलायचे नाहीत. त्याला ते कंटिन्युइटी म्हणायचे. शर्ट बदलला तर कुत्र्याला वाटतं सीन संपला, आणि तो घरी यायला निघतो. रोज रात्री धुऊन सकाळी तोच निळा चौकड्यांचा शर्ट. कॉलनीतल्या बायका कुजबुजायच्या की बिचाऱ्याकडे एकच शर्ट आहे. मी शेडमध्ये दोरीवर सहा मोजले होते.

आता आमची गरज काय होती ते सांगते. तुमची आई तेव्हा तिसरीत होती. (हे वाचताना ती मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली, तर तुम्ही पुढे वाचत राहा.) जूनमध्ये शाळेच्या वाटेवर, वळणावरच्या कचराकुंडीपाशी तिला एक भटका कुत्रा चावला. पोटरीला. त्या वेळी बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. चौदा दिवस ती दवाखान्यात रडली नाही. पंधराव्या दिवशी शाळेत जायची वेळ झाली तेव्हा दाराची चौकट धरून बसली आणि तिची बोटं आम्हाला एकेक करून सोडवावी लागली.

शाळा दहा मिनिटांवर होती. पण तिला कुणीतरी हात धरून नेल्याशिवाय ती वळण ओलांडत नसे. बरोबरीच्या मुलींबरोबर पाठवलं तर अर्ध्या वाटेवरून परत यायची. संध्याकाळी खाली खेळायला जाणं बंद झालं. खिडकीत बसून खालच्या मुलींना कोणाचा डाव आहे ते सांगायची. मी अंधेरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. तिला शाळेत पोचवून पुढे बसने जाईपर्यंत मस्टरवर रोज उशिराची लाल रेघ लागत होती. घरात ठरलं की दिवाळीपर्यंत ती एकटी जायला लागली नाही, तर मी नोकरी सोडायची. नोकरीचं मला वाईट वाटत होतं. पण तिचं ते खिडकीतून डाव सांगणं मला जास्त बघवत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, एक छोटा कुत्रा पाळा, भीती जाईल. म्हणून मी कॉलेजच्या लायब्ररीतून दोन इंग्रजी पुस्तकं आणली आणि माझ्या पद्धतीने कामाला लागले. प्रत्येक जातीचं एक कार्ड. उंची, वजन, स्वभाव, मुलांशी वर्तन, उष्ण हवामानात टिकतो का. आठ कार्डं झाली. ती घेऊन आम्ही तिघं एका रविवारी शेडवर गेलो. तुमची आई बाहेरच, पन्नास पावलांवर आजोबांच्या मागे उभी राहिली.

सप्लायरनी कार्डं घेतली, पत्ते पिसतात तशी पिसली, आणि न वाचता परत दिली.

"रोल काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आम्हाला पाळायचा आहे, सिनेमात नाही घालायचा.

"ते समजलं, मॅडम. पण रोल? मांडीवर बसायचं, दारावर भुंकायचं, म्हाताऱ्या माणसाची सोबत, नवरा-बायकोचं भांडण तोडायचं? तुम्ही रोल सांगा, मी कुत्रा देतो. जात काय घेऊन बसलात. एकाच जातीचा एक हिरो असतो आणि एक गर्दीत उभा राहतो."

मी त्यांना पोटरीपासून सगळं सांगितलं. ते ऐकताना माझ्याकडे बघत नव्हते, लांब उभ्या असलेल्या तुमच्या आईकडेही बघत नव्हते. मी मुठीत आवळलेल्या पिशवीच्या बंदाकडे बघत होते. मग म्हणाले, ठीक आहे, पण आधी रिहर्सल.

रिहर्सल म्हणजे काय, तर त्यांनी गळपट्टा लावलेला एक रिकामा साखळदोर दिला आणि सांगितलं, घरातल्या कर्त्या पुरुषाने आठवडाभर सकाळ-संध्याकाळ हा घेऊन कॉलनीला फेरी मारायची. कुत्रा आहे असं समजून. तुमचे आजोबा टेलिफोन खात्यात अधिकारी होते आणि चारचौघांत मोठ्याने शिंकतसुद्धा नसत. ते नाही म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. ते सात दिवस फिरले. तिसऱ्या दिवशी कॉलनीच्या वॉचमनने विचारलं, "साहेब, सुटला काय?" आजोबा म्हणाले, "नाही, पुढे गेलाय." या फेऱ्यांचा उपयोग काय झाला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या आठवड्यात तुमची आई दिवसातून दोनदा खिडकीत हसली, हे मी लिहून ठेवलं होतं.

मग पहिला कुत्रा आला. पांढराशुभ्र पॉमेरियन, माझ्या कार्डांत पहिल्या नंबरचा. तो आला आणि दिवाणखान्यात ट्यूबलाइटच्या बरोबर खाली जाऊन बसला. आम्ही तिथून उठवला की दिवा पेटवलेल्या दुसऱ्या खोलीत. दाराची बेल वाजली की त्याला उडी मारून सर्वांत जवळच्या बाईच्या मांडीवर जाऊन मान तिरकी करायची शिकवण होती. शेजारच्या मावशी विरजण मागायला आल्या होत्या तेव्हा ते भांडं कुठपर्यंत गेलं ते सांगत नाही. तुमच्या आईला त्याने एकदाही हुंगलं नाही. ती पलंगावर पाय वर घेऊन बसून राहिली. चौथ्या दिवशी सप्लायर आले, दारातून एक नजर टाकली आणि म्हणाले, हा लाइट खातो, ह्याच्या बाजूला पोर दिसणार नाही. आणि घेऊन गेले.

दुसरा डॅशहंड, लांबुडका, तपकिरी. तो शहाणा होता. आल्याबरोबर सगळं घर पाहून घेतलं आणि सोफ्याखाली बसून राहिला. तुमची आई त्याच्या नाकासमोर बिस्किट सरकवून हात मागे घेण्यापर्यंत आली होती. मला वाटलं, जमलं. कार्डावर बरोबरची खूण करायला पेन उघडलं होतं. पण सहाव्या दिवशी सप्लायर त्यालाही उचलायला आले. मी कारण विचारलं.

"हा व्हिलनचा आर्टिस्ट आहे, मॅडम. बिस्किट घेताना डोळे बघितले तुम्ही? ही द्यायला शिकेल, तो घ्यायला. भीती तिथेच राहील."

मी वाद घातला. मला वाद घालता येतो, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुत्रा उचलून निघाले. तोवर दिवाळीला सव्वा महिना राहिला होता.

तिसरा आला तेव्हा मी कार्डं काढून बसले, पण त्याचं कार्ड सापडेना. कान एका जातीचे, पाय दुसरीचे, शेपूट तर कुठल्याच पुस्तकात नव्हती. मातकट रंग, मांजराएवढा, एका डोळ्यावर केसांची झुलपं. मी जात विचारली. सप्लायर म्हणाले, "ह्याचं कार्ड नाय. पण वाघ आहे वाघ. पंधरा घोड्यांवर भुंकला एका पिक्चरमध्ये, घोडे मागे फिरले. तुम्ही बघितला असेल." मी पाहिला नव्हता. माझ्यापाशी तेवढा एक आधार होता, पंधरा घोडे.

हा वाघ आमच्या घरात कुकरच्या शिट्टीला घाबरला. वर्तमानपत्राची घडी उघडली की टेबलाखाली जायचा. आरशात स्वतःला बघून बाथरूममध्ये जाऊन बसला. आणि एकदाही भुंकला नाही. मी सप्लायरना निरोप पाठवला. ते निळ्या शर्टात आले, खाली वाकून त्याच्याशी हिंदीत काही बोलले आणि मला म्हणाले, आर्टिस्ट रोलमध्ये शिरतोय, वेळ द्या. सोमवारी शाळेच्या वाटेवर शॉट घेऊ. दोर मुलीच्या हातात. तुम्ही दहा पावलं मागे. मध्ये यायचं नाही, तुम्ही कॅमेरा.

मी विचारलं, आणि तुम्ही? ते म्हणाले, "मी कशाला? माझं काम कास्टिंगचं."

सोमवारी आम्ही निघालो. तुमची आई पुढे, दप्तर पाठीवर, दोर हाताला दोनदा गुंडाळलेला. मी मागे मोजून दहा पावलं. कचराकुंडीचं वळण आलं. तीन भटके होते, त्यांतला एक तिला चावलेला तोच, कान फाटलेला. तिघेही उठले. वाघ खाली बसला. मग सरपटत तिच्या दोन पायांच्या मध्ये आला आणि तिच्या बुटांवर त्याने मुतून ठेवलं.

आता पुढे काय करायचं होतं मी? मी पळत जायला हवं होतं. मी गेले नाही. कॅमेरा म्हटलं म्हणून थांबले, असं मी कित्येक वर्षं सांगत आले. माझे पाय जागचे हलत नव्हते, हे खरं.

तुमच्या आईने खाली बुटांकडे पाहिलं. मग वाकून त्या मातकट गोळ्याला उचललं, दप्तरासकट तिला ते ओझंच झालं, आणि त्या तिघांकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाली, "ए, याला घाबरवू नका. तिकडे बसा."

ते बसले असं मी म्हणणार नाही. एक बसला. दोघं कचऱ्याकडे वळले. ती गेली. शाळेच्या फाटकाशी तिने कुत्रा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घरी गेल्यावर त्याला रागावू नकोस."

त्या संध्याकाळी मी स्वतः शेडवर आभार मानायला जाणार होते, पण सप्लायरच आले. मी उत्साहाने सगळं सांगितलं. माझं बोलणं जसजसं पुढे गेलं तसतसा त्यांचा चेहरा उतरला.

"भुंकला नाय?"

"नाही."

"पाठी लपला?"

मी म्हटलं, पण काम झालं ना. ती गेली ना. तेव्हा ते मालवणीत शिरले. "काम ह्येचा होता. केला कोणी? चेडवान. मगे ह्येचो उपयोग काय?" (चेडू म्हणजे मुलगी.) आणि त्यांनी कुत्र्याला काखोटीला मारलं. नापास आर्टिस्ट लोकांच्या घरात ठेवून माझं नाव खराब होतं, दुसरा देतो, असं म्हणत जिन्यापर्यंत गेलेसुद्धा. पंधरा घोड्यांचं काय, असं मी वरून विचारलं. ते जिन्यात थांबले. म्हणाले, "भुंकणं डब केलेलं. भुंकणारा माणूस वेगळा असतो."

म्हणजे तो भुंकत नाही हे त्यांना आधीपासून माहीत होतं. मग वाघ का म्हणाले? आणि माहीत होतं तर एवढे खजील का झाले? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पाहिलं. नट पुरवणाऱ्या माणसाला तेवढं नाटक येत असेल, असंही मला वाटलं. आजोबा म्हणाले, "दोन्ही."

तुमची आई रडली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावर तिने माझा हात मागितला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. खाली खेळायला गेली नाही. मी कॅलेंडरकडे बघायला लागले होते. राजीनाम्याचा मजकूर मनात तयार होता, इंग्रजीत, तीन ओळींचा.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. मी तिला घेऊन घरी आले, भात लावला, आणि वरण फोडणीला टाकून हाक मारली तर ती घरात नव्हती. खिडकीत नव्हती. गच्चीवर नव्हती. चपला नव्हत्या. खाली वॉचमन म्हणाला, बेबी स्टुडिओच्या भिंतीकडे गेली, एकटीच.

भिंतीकडे म्हणजे वळणाच्या पलीकडे. तिथे स्टुडिओच्या कँटीनचं उरलंसुरलं टाकायचे, त्यामुळे तीन नाही, दहा-बारा कुत्र्यांची टोळी कायमची बसलेली असायची. मी घरच्या साडीवर, हातात उलथनं तसंच घेऊन पळाले. काय दिसेल याचा विचार करायचा नाही, एवढाच विचार करत होते.

शेडचं दार उघडं होतं. आत एका उलट्या पेटीवर तुमची आई बसली होती, मांडीवर तो बिनकार्डाचा कुत्रा. सप्लायर समोर जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि हातवारे करून तिला काही समजावत होते. ती मान हलवून नाही म्हणत होती. मला पाहून ते उठले.

"चेडू एकटाच इला," ते म्हणाले. मग माझ्यासाठी मुंबईच्या मराठीत: "मी दारातून बघत होतो, मॅडम. सगळी गँग उठली. ही आपली चालतेय. आली आणि म्हणते, आमचा कुत्रा द्या. मी म्हटलं तो फेल आहे. तर म्हणते, मला माहीत आहे, म्हणून तर न्यायला आले."

मी त्यांना तिथेच विचारलं, हे सगळं तुम्ही ठरवून केलंत का. कुत्रा भित्रा दिलात, मग काढून घेतलात, म्हणजे ती न्यायला येईल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांच्या बकरीला व्याकरण विचारलं होतं. "एवढी अक्कल असती तर मी डायरेक्टर नसतो झालो?" असं म्हणाले आणि कबुतरांना दाणे टाकायला निघून गेले. पाठमोरे झाल्यावर ते हसले की खोकले, सांगता येत नाही. पुढे दोन-तीन वर्षांत शेड पाडली, ते गावी गेले म्हणतात. मला जे विचारायचं होतं ते राहून गेलं. खरा रोल त्यांनी कोणासाठी लिहिला होता, हे मी अजूनही नक्की सांगू शकत नाही.

कारण त्या दुपारी परत येताना असं झालं. तुमच्या आईच्या एका काखेत कुत्रा होता. दुसरा हात मी धरला होता. भिंतीपाशी टोळी बसली होती, मघाशी मी त्यांच्या मधूनच पळत आले असणार, पण मला एकही दिसला नव्हता. आता सगळे दिसले. फाटक्या कानाचाही तिथेच होता. आम्ही जवळ आलो तसा तो उठला, अंग झाडलं आणि उभा राहिला. मी तिला माझ्या आतल्या बाजूला ओढलं.

"आई," ती म्हणाली, "हात जरा सैल धर ना. किती दिवस सांगीन म्हणते. दुखतो."

मी सैल धरला. सोडला नाही. आम्ही तशाच गेलो, ती अर्धं पाऊल पुढे.